साबणाच्या दाढा

दादाच्या जलदान विधीला घर भरलं होतं. भंतेजी वंदना घेऊन गेले, जेवणं झाली, तरी कुणी उठेना. रिक्षा स्टँडवरचा एक जण म्हणाला, "मिल्यानं एकदा काय केलं म्हायतीय का," आणि सुरू झाला. तो थांबला तर दुसरा. मांडवात माणसं डोळे पुसत होती आणि हसत होती. कुणाला तरी लाज वाटली, तो गप्प बसला. तर आई आतून म्हणाली, "हसू द्या. त्याला तेच आवडायचं."

माणूस जिवंत असताना त्याचे किस्से कुणी गोळा करत नाही. ते इकडंतिकडं पडलेले असतात, कुणाच्या रिक्षात, कुणाच्या चहाच्या कपात. तो गेला की सगळे आपापल्याकडचे घेऊन येतात आणि तुमच्या दारात ढीग लागतो.

पण त्या दिवशी आले ते स्टँडवरचे किस्से. दादा चालवायचा त्या आमच्या रिक्षातले चौघांनाच माहीत. मिलिंददादा, सुजाताताई, तिची मैत्रीण पद्मा आणि मी. त्यातला एक आता नाही, म्हणून लिहून ठेवतोय. मी नववीत शाळा सोडली, पुढं गॅरेजमध्ये काम केलं, त्यामुळं चुका होणार. त्या पद्मा बघणार आहे. तिची अट एकच, तिच्याबद्दल खोटं लिहायचं नाही. म्हणजे खरं लिहायला परवानगी आहे.

सगळ्या किश्शांचा विषय एकच. ताईला दाताची डॉक्टर करायचं. ताईला व्हायचं होतं हे खरं. पण दादाला तिला करायचं होतं, हे जास्त खरं. परीक्षा झाली आहे, निकाल अजून लागायचा आहे. तो लागेल तेव्हा लागेल.

*

सुरुवात ताईच्या दाढेपासून झाली.

बारावीनंतर ताईनं डॉक्टरकीची नीट परीक्षा दिली, मार्क कमी पडले. मग मंगळवेढ्याला बीएस्सीला नाव घातलं, कारण तिथं मावशी राहते. सगळे म्हणाले, "बीएस्सी कर, मग बघू." आमच्या घरात 'मग बघू' म्हणाले की विषय संपलेला असतो.

पहिलं वर्ष संपत आलं आणि ताईची दाढ दुखायला लागली. मावशीनं लवंग दिली, गाल सुजला. मावशीचा फोन आला तेव्हा दादा स्टँडवर होता. तो तसाच रिक्षा घेऊन मंगळवेढ्याला गेला. यष्टीनं गेला असता तर लवकर पोचला असता. पण दादाला निघायची घाई असायची, पोचायची नाही.

ताईला त्यानं आमच्या सोलापुरात एका दाताच्या डॉक्टर मॅडमकडं आणलं. ताई खुर्चीत आडवी, तोंडात कापूस, आणि हिचे प्रश्न चालू. हे इंजेक्शन कुठल्या नसेला, ही दाढ दोन मुळांची का तीन, वरची दुखली तर कानात का ठणकतं. मॅडमनी हातातलं ठेवून दिलं. म्हणाल्या, "माझ्या परीक्षेला एवढं विचारलं नव्हतं गं. तू शिकतेस तरी काय?"

ताईनं तोंडाकडं बोट दाखवलं. बोलता येईना. दादा दारात उभा होता. म्हणाला, "डेंटल करणार हाय ती."

ताई दोन्ही हात हलवून नाही म्हणायला गेली, पण अर्धं तोंड बधिर होतं. नुसतं "ऊं ऊं" आलं.

दादा म्हणाला, "बघा. व्हय म्हणतीय."

*

मॅडमनी ताईला संध्याकाळी दवाखान्यात मदतीला बोलावलं. नीटची परीक्षा परत द्यायची ठरवून ताई घरी सोलापूरला आली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला मंगळवेढ्यात नाव घालून ठेवलं, म्हणजे नीटमध्ये नाही जमलं तर परत जाता येईल.

एकदा मॅडम तिला सहज म्हणाल्या की डेंटल कॉलेजात पहिल्या वर्षाला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात. ताईनं ते घरी सहज सांगितलं. दादाला सहज काही सांगायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी तो अंगाच्या साबणाच्या वड्या घेऊन आला. मेण कुठं मिळतं माहीत नव्हतं, साबण गल्लीत मिळतो.

ताई म्हणाली, आधी प्रवेश तर मिळू दे. दादा म्हणाला, हात बसायला वेळ लागतो. मला गॅरेजमध्ये पाना नीट धरायलाच वर्ष लागलं होतं, म्हणून मीही मान हलवली.

ताई कंपासच्या टोकानं कोरायची. वर चार उंचवटे, मध्ये खाच, खाली मुळं. तिची दाढ दाढेसारखी व्हायची. मग दादानंही ब्लेड घेतलं. तिला जमतंय का हे कळायला आपल्याला यायला नको का, असं त्याचं म्हणणं. स्टँडवर नंबर यायची वाट बघत तो कोरत बसायचा, आणि घरी आला की पहिली ताईच्या हातात द्यायचा.

ताई फिरवून बघायची. "दादा, ही दाढ न्हाय. हत्तीचा पाय हाय."

तो परत घेऊन खरवडायचा. "आता?"

"आता बारक्या हत्तीचा."

साबण वाया घालवायचा नाही म्हणून हे सगळं न्हाणीघरात जायचं. आई म्हणायची, "अख्ख्या गल्लीत मी एकटीच दाढ लावून अंघोळ करतीय."

एकदा मावशीचे यजमान मुक्कामाला आले. सकाळी अंघोळीला गेले आणि टॉवेल गुंडाळून अर्ध्यातून बाहेर आले. हातात दादाची दाढ. आईला म्हणाले, "वैनी, तुमच्या साबणाला उंदीर लागलेत. दुसरी वडी द्या."

दादा दारात रिक्षा पुसत होता. तिथनंच म्हणाला, "काका, उंदीर न्हाय. मी हाय."

ताई म्हणाली, "उंदरानं बरी कोरली असती."

*

आमचे आप्पा एका गोडाऊनवर रात्रपाळीचे वॉचमन आहेत. दिवसा झोपतात. उताणे, तोंड सताड उघडं. ताईला अक्कलदाढ बघायची होती. पुस्तकातली बघून कळत नव्हती, आणि दवाखान्यात पेशंटच्या तोंडात उगाच डोकावता येत नाही.

दादानं मोबाईलची बॅटरी धरली. मी आप्पांच्या तोंडावरच्या माश्या हाकत होतो. ताई वाकून मोजत होती. खाली डावीकडं एक, उजवीकडं एक, वर एक.

आप्पांनी डोळे उघडले. वर तिन्ही पोरांची तोंडं आणि मध्ये उजेड. म्हणाले, "मेलो न्हाय मी अजून."

दादा म्हणाला, "आप्पा, अक्कलदाढ बघतोय. तीनच हाईत."

"चौथी लग्नाच्या वर्षी गेली," आप्पा म्हणाले आणि कुशीवर वळले.

आत आईनं ताट आपटलं.

आता आप्पा कुशीवरच झोपतात. भिंतीकडं तोंड करून.

*

मॅडमनी दवाखान्यातला जुना तक्ता ताईला दिला. बत्तीस दात, रंगीत, प्रत्येकाचं नाव. आमच्या घरात भिंतीला जागा नाही. कपाट, आईचा आरसा, बाबासाहेबांचा फोटो, संपली भिंत. मग दादानं तो तक्ता रिक्षात ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीला बांधला. ताई मागं बसली की डोळ्यांसमोर.

पण मागं ताई थोडाच वेळ बसायची. बाकी दिवसभर पब्लिक.

एकदा मंद्रूपचा एक माणूस गालाला टॉवेल बांधून स्टँडवर आला. सगळ्या रिक्षांवरून नजर फिरवली, तक्ता बघितला आणि आमच्या रिक्षात येऊन बसला. कुठं जायचं विचारलं तर बोलता येईना. त्यानं तक्त्यातल्या एका दाढेवर बोट ठेवलं. दादानं त्याला मॅडमकडं नेलं, बाहेर थांबला आणि परत बसस्टँडवर सोडलं.

त्या माणसानं गावात जाऊन सांगितलं की सोलापुरात दाताची रिक्षा आहे, दवाखान्यापर्यंत नेती आणि परत आणून सोडती. मग मंद्रूपची माणसं स्टँडवर येऊन "दाताची रिक्षा कुटं हाय" म्हणून विचारायला लागली. बाकीचे रिक्षावाले दादाला डॉक्टर म्हणायला लागले. दादाला राग यायचा. म्हणायचा, "डॉक्टर ती. मी कंपाउंडर."

एकदा एक म्हातारी येऊन बसली. दादानं आरशात बघितलं, तिच्या तोंडात एक दात नाही. "आजी, दुखतंय काय तुमचं? दातच न्हाईत की."

"म्हणून तर आले," म्हातारी म्हणाली. तक्ता तिनं खालपासून वरपर्यंत बघितला, साडीच्या दुकानात बघतात तसा. मग एका दातावर बोट ठेवलं. "ह्यातला हा दे. लई मोठा नको."

*

आता पद्मा. तिचं घर अशोक चौकाकडं. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि दादाशी भांडण दोन्हीत. वडील मागावर टॉवेल विणतात, तीही शाळेत असताना मागावर बसायची. ताई आणि ती नीटच्या अभ्यासाला पार्काजवळच्या अभ्यासिकेत शेजारी बसायच्या. सकाळी दादा ताईला सोडायला निघाला की वाटेत पद्माला घ्यायचा, मी गॅरेजला जायला दादाशेजारी बसलेला असायचो.

पहिल्याच दिवशी पद्मानं तक्ता बघितला, ताईच्या पिशवीतल्या साबणाच्या दाढा बघितल्या आणि विचारलं, "हे सगळं कशाला?"

दादा मोठ्या अभिमानानं म्हणाला, "परीक्षेची तयारी."

"परीक्षेत हे येत न्हाय."

दादानं रिक्षा कडेला घेतली. इंजिन बंद केलं. "दात येत न्हाय?"

"एखादा प्रश्न. आला तर."

"डेंटलच्या परीक्षेत दात न्हाय? मग काय हाय?"

"फिजिक्स. केमिस्ट्री. आन् बायोलॉजी, त्यात बेडकापासून आंब्यापर्यंत सगळं."

"फिजिक्स म्हंजी?"

पद्मानं थोडा विचार केला. त्याला कळेल असं सांगायचं होतं. "वरनं दगड टाकला तर किती जोरात पडतो, ते काढायचं."

दादानं मागं वाकून तक्त्यावर नजर फिरवली. मग म्हणाला, "कुणाच्या दातावर?"

घरी आल्यावर मी ताईला विचारलं, तुला हे माहीत नव्हतं का. आम्ही सगळ्यांनी इतके महिने साबण कोरला होता, आप्पांचं तोंड तपासलं होतं. ताई म्हणाली, "म्हायती होतं की. पण दादा एवढा खूश होता."

*

दादानं दोन दिवस पद्माशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं की फिजिक्स तर फिजिक्स.

ताई फिजिक्समध्येच कच्ची होती. सूत्र पाठ, गणित समोर आलं की पान उलटायची. तिला भीती त्याचीच. पहिल्या वेळी मार्क तिथंच गेले होते. दादानं तिला विचारलं, आज कुठला धडा. ती म्हणाली, गतीचे नियम. पद्मानं त्याला सांगितलं की चालती वस्तू थांबली तरी तिच्यातलं सामान पुढंच जातं.

"असं व्हय," दादा म्हणाला. कन्ना चौकाच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला तशी त्यानं रिक्षा पळवली आणि करकचून ब्रेक मारला.

पद्माच्या मांडीवर डबा होता. भाकरी आणि शेंगा चटणी. डबा उडाला, तक्त्यावर आपटून उघडला आणि चटणी तिच्याच डोक्यावर आली.

दादानं मागं वळून विचारलं, "हा कितवा नियम?"

पद्मानं केसातली चटणी झटकली. "पहिला. तिसरा तुला खाली उतरल्यावर दाखवते."

त्यानंतर मात्र रोज एक धडा रिक्षात व्हायला लागला. उड्डाणपुलाचा चढ म्हणजे एक गणित, वळणावर बाहेर फेकलं जाणं म्हणजे एक गणित. दादाला उत्तर येत नसायचं. तो फक्त विचारायचा, "असं का हुतंय?" आणि ताईला सांगितल्याशिवाय सुटका नसायची. जानेवारीच्या सराव टेस्टमध्ये तिला फिजिक्सला पद्माच्या बरोबरीनं मार्क पडले. पद्मा आठ दिवस फुगून बसली होती. हे खरं आहे, तिनं खोडू नये.

*

त्या टेस्टनंतर दादा ताईला म्हणाला, मंगळवेढ्याच्या कॉलेजातून टीसी काढून आण. डेंटलला प्रवेश घ्यायचा तर टीसी लागतेच.

ताई म्हणाली, "अजून परीक्षा व्हायचीय. टीसी काढली आन् हितं नंबर लागला न्हाय, तर दोन्हीकडनं गेले. नाव राहू दे तिथं."

आई ताईच्या बाजूनं, आप्पा ताईच्या बाजूनं, पद्मासुद्धा ताईच्या बाजूनं. मी दादाच्या बाजूनं होतो, पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं. दादा म्हणाला, "परतीचं तिकीट हातात धरून यष्टीत बसलीस की प्रत्येक स्टॉपला उतरावं वाटतंय."

ताई दोन दिवस जेवली नाही नीट. मग एका सकाळी आपणहून रिक्षात जाऊन बसली. "चल मंगळवेढ्याला." मी पण उडी मारून बसलो.

कॉलेजात क्लार्क साहेब होते. त्यांनी अर्ज वाचला, ताईकडं बघितलं, दादाकडं बघितलं. बीएस्सी चांगलं चाललेलं सोडून दात उपटायला जाणार का, घरच्यांना विचारलंय का, लग्नाचं काय, असं सगळं विचारून झालं. मग म्हणाले, सही करणारे साहेब जेवायला गेलेत. ते जेवून आले तर म्हणाले, शिक्का आत आहे. शिक्का आला तर म्हणाले, उद्या या.

दादाच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. मी बाहेर जाऊन रिक्षातला पाना आणावा का, असा विचार करत होतो. तेवढ्यात क्लार्क साहेबांनी चहाचा घोट घेतला आणि गाल धरला.

ताई म्हणाली, "गार लागतंय का गरम?"

"दोन्ही."

"रात्री जास्त?"

साहेबांनी मान हलवली. आजूबाजूला बघितलं आणि टेबलावरून वाकून तिच्यापुढं तोंड उघडलं. "बघ बरं जरा. ही मागची."

ताई मागं सरकली. "सर, मी अजून डॉक्टर न्हाय."

दादा म्हणाला, "तुमी टीसी द्या की. मग हुती ती."

टीसी त्याच दिवशी मिळाली.

*

एप्रिलमध्ये दादा मित्राच्या मोटरसायकलवर मोहोळला लग्नाला गेला. येताना ट्रक.

ह्याच्यावर किस्सा नाही.

*

रिक्षा दारात उभी होती. तिचं काही झालं नव्हतं, ह्याचाच मला राग यायचा. मी दोनदा तिला लाथ मारली. एकदा पायाला लागलं.

ताईनं पुस्तकं खाटेखाली सारली. म्हणाली, परीक्षा देणार नाही, मंगळवेढ्याला जाऊन त्याच साहेबांच्या हातापाया पडते आणि परत नाव घालते. घरातला साबण चौकोनी झाला होता.

जलदान विधी झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, किल्ली घेतली आणि अशोक चौकात गेलो. पद्मा जिन्यात उभी होती. मी फोन केला नव्हता. ती येऊन बसली. तिला घेऊन मी परत आमच्या गल्लीत आलो, दारात रिक्षा लावली आणि हॉर्न वाजवला. दादा वाजवायचा तसा, दोन बारके आणि एक लांब.

ताई आली नाही. मी परत वाजवला. मग हात उचललाच नाही.

गल्ली बाहेर आली. शेजारची काकू म्हणाली, घरात काय झालंय आणि हे पोरगं काय करतंय. एक जण म्हणाला, डोक्यावर परिणाम झालाय. रात्रपाळीवरनं आलेले आप्पा दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं मारतील. ते काकूकडं बघून म्हणाले, "वाजवू द्या."

मग ताई आली. अनवाणी, केस मोकळे, मला मारायलाच आली. "किल्ली दे. बारक्या, किल्ली दे म्हणते ना." मी देईना. ती किल्ली हिसकायला मागनं आत शिरली आणि माझ्या खांद्यावरून हात घातला. तिचे दोन्ही पाय आत आलेले मी आरशात बघितले आणि गिअर टाकला.

गल्लीच्या टोकापर्यंत ती माझ्या पाठीत बुक्क्या मारत होती. कन्ना चौकापर्यंत रडत होती. मीही रडत होतो, त्यामुळं एक खड्डा चुकवायचा राहिला आणि तिघंही उडालो.

पद्मानं आपलं डोकं चोळलं. म्हणाली, "सुजे, आपण वर का उडालो, सांग."

रिक्षा चालली होती, मी मागं बघितलं नाही.

मग मागनं ताईचा आवाज आला. "तो असाच विचारायचा."

"उत्तर सांग," पद्मा म्हणाली.

ताईनं नाक ओढलं आणि सांगितलं. बरोबर होतं की नाही मला माहीत नाही, पण पद्मानं दुसरा प्रश्न विचारला, म्हणजे बरोबर असणार. अभ्यासिकेपाशी उतरताना पद्मानं आपली एक चप्पल ताईला दिली. दोघी एकेका चपलेवर जिना चढून गेल्या.

परीक्षेपर्यंत मी रोज हॉर्न वाजवला. रोज ताई शिव्या देत बाहेर आली. पण चप्पल घालून.

*

परीक्षेच्या दिवशी मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन. डोक्यावर टॉवेल असून चटके. सेंटरच्या गेटबाहेर पोरांची रांग, आईबाप झाडाखाली. गेटवर एक बाई तपासत होत्या. कानातलं काढा, क्लिप काढा, पाण्याची बाटली दाखवा. पद्मा पुढं गेली, आत गेली.

ताईचा नंबर आला. मी लोखंडी जाळीच्या बाहेर तिच्या शेजारीच उभा होतो. बाईंनी हात वर करायला सांगितले. ताईनं केले. एक मूठ बंद.

"मुठीत काय हाय?"

"दाढ."

बाई थांबल्या. "कुणाची?"

"दादाची."

बाई एक पाऊल मागं सरकल्या. रांगेतली ताईच्या मागची पोरगीही सरकली. "दादा कुटं हाय तुझा?"

मी जाळीतून म्हणालो, "गेला. महिना झाला."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. मग ताईनं मूठ उघडली. बाईंनी वाकून बघितलं, आणखी वाकून वास घेतला. चंदनाचा.

"अगं, हा तर साबण हाय."

"व्हय."

रिक्षाच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडली होती ती. दादानं शेवटची कोरलेली. नेहमीसारखीच, हत्तीचा पाय. ताईनं ती कधी घेतली मला माहीत नव्हतं.

बाईंनी सांगितलं, आत काही न्यायचं नाही, साबण तर नाहीच, बाहेर कुणाकडं तरी दे. ताई हलेना. मागनं पोरी ओरडायला लागल्या. गेट बंद व्हायची वेळ झाली होती, आतला माणूस कडी हातात धरून उभा होता. ताईनं मूठ परत बंद केली आणि वळली. आत नाही, बाहेर. रस्त्याकडं.

मी जाळीतून हात घातला आणि तिचं मनगट धरलं. "आण हिकडं."

"न्हाय."

"ताई, मी हितंच हाय. हलत न्हाय. आण."

तिनं माझ्याकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "दे बाळ त्याला. आन् जा आत. मी बघते तो हलतोय का." ताईनं दाढ माझ्या हातात ठेवली आणि आत पळाली. मागं कडी लागली.

सगळे आईबाप झाडाखाली गेले. मी जाळीपाशीच राहिलो. हलत नाही म्हणालो होतो. बाईंनी दोनदा सांगितलं, सावलीत जा. मग त्यांनी पाणी आणून दिलं, ते मी डाव्या हातानं प्यायलो. उजवी मूठ उघडली नाही. आत काहीतरी ओलं होतंय हे कळत होतं. तरी उघडली नाही.

पेपर सुटला. पद्मा आधी बाहेर आली, तोंडानं कुठल्यातरी गणिताचं उत्तर बडबडत. मग ताई आली. चेहऱ्यावरून काही कळेना. मी विचारलं नाही. ती सरळ माझ्यापुढं आली आणि हात पुढं केला.

"आण."

मी मूठ उघडली. तळहात पांढरा, बोटांच्या फटीत फेस. दाढेचे कोपरे गेले होते. वर माझी बोटं रुतून मध्ये खाच पडली होती आणि चारी बाजूंनी उंचवटे आले होते. मला वाटलं, आता ही रडणार.

ताईनं ती दोन बोटांत धरली, उन्हात वर केली. मॅडम बघतात तशी सगळ्या बाजूंनी फिरवून बघितली.

म्हणाली, "आता जरा दाढेसारखी दिसायला लागलीय."